‘अलाऊ’ दाबायचं नाही

सकाळी ७.१०

कोल्हापूर. मंगळवार पेठेतला बोळ. मोटारसायकलच्या मागं ब्लोअर बांधणं चाललंय. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, दोन वेढे, एक गाठ. त्यातून मला बसायला वीतभर जागा उरते.

त्याचं नाव मी लिहीत नाही. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक नसतं. सगळ्यांच्या मोबाइलात तो ‘कॉम्प्युटर रिपेअर’ म्हणून सेव्ह आहे. एका ठिकाणी तर ‘कॉम्प्युटर रिपेअर २’ आहे. पहिला कोण, हे त्यानं आजवर विचारलेलं नाही. वय बेचाळीस. राजारामपुरीत एका नेट कॅफेत हार्डवेअर शिकला. तेव्हा गिऱ्हाइकाकडून तासाला वीस रुपये घेत. पुढं लोकांच्या खिशातच नेट आलं, कॅफे बंद पडला आणि मालकानं पगाराच्या बदल्यात दोन जुने मॉनिटर दिले. तेव्हापासून हा स्वतःचा मालक.

पाठीवरच्या बॅगेत काय काय आहे? चार स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा एक इंची ब्रश, थर्मल पेस्टची नळी, नाण्यासारख्या सेलची पट्टी, दोन पेन ड्राइव्ह, एक जादा माउस, केबलची पकड आणि शाळकरी पोरांचं पाच रुपयांचं खोडरबर. बॅगेतलं सगळ्यात कमावतं हत्यार हेच खोडरबर, असं तो म्हणतो. का, ते मला दहा वाजता कळणार आहे.

“पूर्वी लोक म्हणायचे, मशीन चालू होत नाही. आता चालू होतंय सगळ्यांचं. आता म्हणत्यात, नेट स्लो हाय.”

“असतं का स्लो?”

“नेटला काय झालंय? ब्राउजर बघा की एकेकाचा. उकिरडा.”

त्यात दिवाळीपासून रॅमचे भाव चढलेत. आधी तो सरळ सांगायचा, रॅम वाढवा. आता भाव ऐकला की माणूस म्हणतो, हाय त्यातच बसवा. मग हाय त्यातच बसवायचं. आज १९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. हातात पाच कामं.

सकाळी ८.२५

नागाळा पार्क, कलेक्टर कचेरीच्या बाजूला. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. शटर अर्धं वर. दहाला गिऱ्हाईक लागतं, त्याच्या आत काम उरकायचं.

मशीन चालू केलं आणि उजव्या कोपऱ्यात खालून पाट्या उगवायला लागल्या. ‘तुमच्या कॉम्प्युटरात पाच व्हायरस’. दुसरी, ‘अभिनंदन’. तिसऱ्या पाटीवर एक बाई हसतेय. मालक मान खाली घालून म्हणाला, “पोरं बसत्यात हो, काय काय उघडत्यात.”

पोरांचा दोष नव्हता. एखादं पान उघडतं, त्यावर गोल फिरणारं चिन्ह असतं आणि लिहिलेलं असतं, की तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवायला ‘अलाऊ’ दाबा. माणूस दाबतो. त्या दाबण्याचा खरा अर्थ एवढाच असतो, की या साइटला माझ्या स्क्रीनवर हवं तेव्हा पाटी लावायची परवानगी आहे. व्हायरस वगैरे काही नसतं. घरमालकानंच किल्ली दिलेली असते.

सेटिंग्ज. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. साइट सेटिंग्ज. नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइटची यादी खाली सरकत गेली. मी एकतीसपर्यंत मोजलं. त्यात कामाची एकही नव्हती. प्रत्येकीपुढचे तीन ठिपके, मग ‘रिमूव्ह’. एकतीस वेळा. शेवटी वरचा पर्याय बदलला. आता कुठलीच साइट विचारणारसुद्धा नाही.

“आता कुणी ‘अलाऊ’ म्हणलं तर?”

“दाबायचं नाही,” मालक पाढा म्हणावा तसा म्हणाला.

पण मला बसल्या जागी धसका बसला तो पुढच्या गोष्टीनं. दाखल्याचा एक कोरा फॉर्म उघडून त्यानं नावाच्या चौकटीत एकच अक्षर टाइप केलं. खाली पडदा उलगडावा तशी सात नावं आली. सात अनोळखी माणसं, त्यांचे गावाचे पत्ते, मोबाइल नंबर. कुणी उत्पन्नाच्या दाखल्याला आलं असेल, कुणी पोरीच्या स्कॉलरशिपला. काम करून ती निघून गेली, ब्राउजरनं मात्र त्यांना ठेवून घेतलं. तो पटकन एस्केप दाबून उठला आणि मालकाकडं बघून म्हणाला, “हे बघितलासा?”

ऑटोफिल बंद. पासवर्ड जपून ठेवायची विचारणा बंद. मग डाउनलोडचं फोल्डर. आधार, पॅन, सातबारा, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. एकही फाइल त्यानं उघडली नाही. फक्त विचारलं, “उडवू?”

“राहू दे की. गिऱ्हाईक परत येतंय, प्रिंट द्या म्हणतंय.”

“गेल्या आठवड्याचं ठेवतो. त्याच्या मागचं उडवतो.”

सौदा पटला. खरं तर कायद्यालाही नोंदी लागतात. २०११ च्या नियमांप्रमाणं सायबर कॅफेवाल्यानं कोण आलं आणि काय उघडलं याची नोंद वर्षभर जपायची. ती वही हा कॅफेत असताना रोज लिहायचा. पण वहीत नाव लिहिणं वेगळं आणि माणसाचं आधार कुणाच्याही हाताला लागेल असं टाकणं वेगळं. शेवटी दोन खाती केली. एक मालकाचं, त्याच्या पोर्टलच्या लॉगिनसकट. गिऱ्हाइकासाठी ‘गेस्ट’ खिडकी, बंद केली की आतलं पुसणारी. डाउनलोड केलेली फाइल मात्र त्यानं पुसत नाही, ती हातानंच उडवायची, हे दोनदा सांगून झालं.

मालकाला पासवर्ड टाकायचा होता. टाइप करायला लागताच हा वळून रस्त्याकडं बघत उभा राहिला. त्या वेळी मला वाटलं, चहावाल्याची वाट बघतोय.

चारशे सांगितले, तीनशे मिळाले.

सकाळी १०.१०

उद्यमनगर. फौंड्रीचं ऑफिस, शेडला लागून. बोलायचं तर ओरडून. इथं कॉम्प्युटरवर बसणारी धूळ काळी असते आणि जड असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या चुंबकी टोकाला ती मिशीसारखी चिकटते.

या ठिकाणी वर्षाचा करार आहे. चार मशीन, वर्षाला आठ हजार, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता दिवाळीला यायचा होता.

अकाउंटच्या मॅडम आधीच उभ्या. “उद्या वीस तारीख. ३बी भरायचंय. आज हे मशीन बंद पडलं तर मी घरी जाणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही.” जीएसटीचं मासिक ३बी विवरण वीस तारखेच्या आत गेलं नाही, की रोजचे पन्नास रुपये लेट फी आणि वर व्याज. पन्नास रुपयांचं काही नसतं. मालक कारण विचारतो, त्याचं असतं.

मशीन उचलून शेडच्या बाहेर नेलं. नाकाला रुमाल. ब्लोअर लावला तसा काळा ढग उठला आणि आम्ही दोघं मागं सरलो. मग रॅमची पट्टी काढली. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर काजळी चढते. खोडरबर काढून त्यानं ते दात घासले, पोरगं गणिताचं उत्तर खोडतं तसे, एकाच दिशेनं. भुगा फुंकला. पट्टी बसवली. खट्ट असा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे. आला.

निम्मी रड तिथंच संपली. उरलेली ब्राउजरात. फायरफॉक्स, त्रेचाळीस टॅब उघडे. मॅडम म्हणाल्या, सगळे लागतात. त्यानं पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोसेसेस’ टाइप केलं. कुठला टॅब किती मेमरी खातोय त्याची यादी आली. वरून दुसरा होता बातम्यांचा एक टॅब, मंगळवारपासून उघडा. बातमी चार ओळींची, भोवती जाहिराती नाचतायत.

“हा लागतो?”

“तो नको,” मॅडम हसल्या.

एक्स्टेन्शनच्या यादीत पीडीएफ बदलणारी तीन, कूपन शोधणारं एक, हवामान सांगणारं एक. कुणी घातली, कुणालाच आठवत नव्हतं. अशा वेळी तो एकेक उपटत बसत नाही. ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ दाबतो. बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री राहतात. एक्स्टेन्शन, साइटना दिलेल्या परवानग्या, मनानं बदललेल्या सेटिंग्ज, सर्टिफिकेटांची मान्यता, हे सगळं झाडून जातं. मग नव्या घरात एकच वस्तू आणायची, यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती अडवतं आणि मागं लागणारी हेरगिरीची स्क्रिप्टही. फुकट आहे. क्रोमवर ते जुनं यूब्लॉक यंदा बंदच झालं, तिथं ‘लाइट’ नावाची धाकटी आवृत्ती मिळते. म्हणून चार जीबीच्या मशीनवर तो शक्यतो फायरफॉक्सच ठेवतो.

तीच बातमी पुन्हा उघडून दाखवली. पान पटकन आलं आणि पांढरं आलं. मॅडम म्हणाल्या, “अय्या, एवढीच बातमी होती?”

निघताना शिकवणी. नोटिफिकेशन विचारलं की ‘ब्लॉक’. अनोळखी पानावर ‘अलाऊ’ दाबायचं नाही. आणि त्रिकोण काढून ‘पुढं धोका आहे’ असं पान आलं, तर धोका पत्करा म्हणणारं बटण दाबायचं नाही, मागं फिरायचं. मॅडमनी पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं. त्याच मॉनिटरच्या खालच्या कडेला आधीची एक चिठ्ठी होती, त्यावर पोर्टलचा पासवर्ड. ती त्यानं काढून, दुमडून, त्यांच्या हातात दिली. बोलला काही नाही.

दुसऱ्या हप्त्याचा विषय निघाला. साहेब पुण्याला गेलेत.

दुपारी १२.२०

शाहू मार्केट यार्ड. सकाळचे सौदे उरकलेत. हमाल गुळाचे रवे उचलून रचतायत, हवेला काकवीचा वास. गुळाच्या अडत दुकानातल्या कॉम्प्युटरचा आजार वेगळा. मुंग्या. झाकण उघडलं तर पंख्याजवळ एक ओळ शिस्तीत चाललेली. ब्रशनं झाडल्या. शेठ म्हणाले, “मारू नको रे, लक्ष्मी असती.” एकही मेली नसेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

तक्रार अशी, की चार दिवस कुठलीच साइट उघडत नाही. लाल चिन्ह येतं आणि इंग्रजीत लिहून येतं, की तुमचं कनेक्शन खासगी नाही. शेठनी त्याचा अर्थ लावला होता. कुणीतरी यार्डातलंच आपलं नेट चोरून बघतंय. संशय कुणावर, तेही ठरलं होतं. त्या दुकानाकडं बोट दाखवायचं तेवढं राहिलं.

यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. तारीख १ जानेवारी २०१०.

प्रत्येक साइटकडं सर्टिफिकेट असतं आणि त्याला सुरुवातीची आणि संपायची तारीख असते. ब्राउजर मशीनच्या घड्याळाकडं बघतो आणि म्हणतो, हे सर्टिफिकेट तर अजून जन्मालाच आलेलं नाही, मी कसा विश्वास ठेवू? घड्याळ चालतं मदरबोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर. मशीन बंद असताना तोच वेळ राखतो. तो मेला की रोज सकाळी मशीन पहिल्या तारखेला जागं होतं.

नखानं चिमटा दाबला, जुना सेल उडून गुळाच्या ढेपेमागं गेला. नवा घातला. तारीख लावली. साइट उघडली. सेल त्याला वीस रुपयांना पडलेला, लावले तीस.

“म्हणजे चोर न्हवता?”

“सेल गेलता, शेठ.”

शेठच्या तोंडावर थोडी निराशा दिसली.

मशीनवर अजून विंडोज ७. क्रोमनं त्याची साथ फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडली, १०९ व्या आवृत्तीवर. तेव्हापासून या ब्राउजरात नवीन एक ठिगळ बसलेलं नाही. यानं पेन ड्राइव्हमधून फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची, जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती टाकली. तिला विंडोज ७ वर अजून दुरुस्त्या येतात. किती दिवस? “मशीन बदला म्हणून तीन वर्सं सांगतोय. गुळाला भाव आला की बदलू म्हणत्यात.”

मजुरी दोनशे. सेलचे तीस धरून दोनशे तीस. वर गुळाचा एक खडा, कागदात.

दुपारी २.००

टिंबर मार्केटजवळ लिंबाच्या झाडाखाली डबा. भाकरी, मेथी, ठेचा, वर तो गुळाचा खडा. जेवताना तीन फोन. एकाला त्यानं पासवर्ड विसरल्यावर काय करायचं ते सांगितलं. दुसऱ्याला ‘मी घेणार नाही तुमचा ओटीपी, मला सांगू नका’ असं तीनदा सांगावं लागलं. तिसरी बायको. गॅस संपलाय.

मी विचारलं, ब्राउजर मराठीत मिळतो, तो का लावून देत नाहीस? म्हणाला, फोनवर सांगताना घोळ होतो. त्याला इंग्रजी शब्दांची जागा पाठ आहे. डोळे मिटून सांगतो, डावीकडं खालून तिसरं.

दुपारी ३.१५

सीपीआर रुग्णालयासमोर. १८ ऑगस्टपासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भरतंय. त्यासाठी वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन केलं. आता आजूबाजूला खोल्या मिळेनात आणि प्रत्येक खोलीत नवा कोरा स्कॅनर. गाडी लावायला जागा शोधण्यात अकरा मिनिटं गेली.

वकीलसाहेब तरुण, लॅपटॉप नवा. मंद वगैरे काही नाही. त्यांना दार बंद करून बोलायचं होतं.

“मी सगळं इन्कॉग्निटोतच करतो. अशिलांची कामं असतात. म्हणजे सेफ ना?”

“कुणापासून?”

साहेबांना हा प्रश्न आवडला नसावा, पण ते विचारात पडले. मग यानं बोटं मोजली. ती काळी खिडकी बंद केली की या लॅपटॉपवर हिस्ट्री राहत नाही. म्हणजे मागून ज्युनिअर बसला तर त्याला दिसणार नाही. संपलं. नेट पुरवणाऱ्याला दिसतं, कुठं गेलात. साइटला दिसतं, कोण आलं. लॉगिन केलंत तर नावानिशी. अमेरिकेत याच काळ्या खिडकीवरून २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये कंपनीनं गोळा केलेला डेटा नष्ट करायचं कबूल करून तो मिटवला. दाव्याचं नाव निघाल्यावर साहेब सरसावून बसले. पुढची पाच मिनिटं तेच विचारत होते.

मग काम. बाहेरच्या साइटच्या कुकी बंद. ‘प्रीलोड पेजेस’ बंद. ही एक जागा अशी, जिथं वेग आणि आडपडदा एकमेकांच्या अंगावर येतात. तुम्ही कुठल्या दुव्यावर बोट ठेवाल याचा अंदाज घेऊन ब्राउजर ते पान आधीच आणून ठेवतो. त्यामुळं पान चटकन उघडतं, पण ज्या दारात तुम्ही गेलाच नाही तिथंही तुमची चाहूल लागते. दुकानदाराला असतं तर यानं चालू ठेवलं असतं. वकिलाला बंद केलं.

डीएनएसही बदलला. साइटचं नाव टाइप केलं, की ब्राउजर आधी तिचा आकडी पत्ता विचारतो, आणि हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पोस्टकार्डासारखा उघडा जातो. त्यानं तो १.१.१.१ कडं, बंद पाकिटातून जाईल असा लावला. “पण साहेब, पाकीट कुठल्या गावाला गेलं, ते पोस्टमनला कळतंच.”

“मग उपयोग काय?”

“कार्डापेक्षा पाकीट बरं, एवढंच.”

साहेब पासवर्ड टाइप करायला वाकले आणि हा पुन्हा वळला. भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. आता मला उलगडलं. सकाळी चहावाल्याची वाट वगैरे काही नव्हती. नंतर गाडी काढताना विचारलं, तर म्हणाला, कॅफेच्या मालकानं पहिल्या दिवशी शिकवलेलं एकच काम हे. माणूस पासवर्ड टाकायला लागला, की मान वळवायची. बाकी सगळं पुढं आपोआप शिकत गेलो.

आणि हिस्ट्री? दुरुस्तीला मशीन घरी आलं तर? “कशाला बघायचं? दुसऱ्याच्या घरात गेलो, फ्रिज उघडतोय का आपण?”

पाचशे, लगेच ऑनलाइन. पैसे आल्याचा आवाज बॅगेतून आला.

संध्याकाळी ४.५०

शुक्रवार, म्हणजे अंबाबाईचा वार. महाद्वार रोडला पायी जायला जागा नाही, गाडी बिंदू चौकात टाकून बॅग खांद्यावर. ब्लोअर गाडीवरच राहिला, चहाच्या टपरीवाल्याच्या भरवशावर.

साज, ठुशी, इमिटेशन दागिन्यांचं दुकान. गल्ल्यावर काकू. ऑनलाइन ऑर्डरी सूनबाई बघतात, त्या आज माहेरी. काकूंच्या ब्राउजरात काहीही शोधलं, की भलतंच पान उघडतं. मेन्यूच्या तळाशी एक बारीक ओळ, हा ब्राउजर तुमच्या संघटनेकडून चालवला जातो.

“कुठली संघटना?” काकू. “आम्ही व्यापारी संघटनेचे सभासद हाय, पण वर्गणी भरली की मी.”

कंपन्यांना आपल्या शेकडो मशीनवर एकच नियम लावता यावा म्हणून केलेली ही सोय आहे. कुठल्यातरी फुकट प्रोग्रामबरोबर आलेलं एक्स्टेन्शन तिच्यात घुसून बसतं आणि मग ‘रिमूव्ह’ बटणच करडं होतं. बाहेरून निघत नाही. यानं रजिस्ट्री उघडली, पॉलिसीज, गूगल, क्रोम, आणि आधी त्या नोंदींची प्रत काढून ठेवली. मग ती फांदी कापली. मशीन बंद-चालू. संघटना गेली. खुर्ची नव्हती, चाळीस मिनिटं एका गुडघ्यावर. उठताना गुडघा वाजला.

तेवढ्यात एका साइटनं खालून पट्टी काढली, कुकी स्वीकारा. काकूंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, हे काय असतंय?

त्यानं दाराबाहेर बोट केलं. देवळाच्या वाटेवरचं चप्पल स्टँड. “टोकन देतोय न्हवं तुम्हाला? टोकन दाखवलं की त्याला कळतंय, चप्पल तुमची. कुकी म्हंजे ते टोकन. ते लागतंय, न्हाईतर दर खेपेला तुम्ही नव्याच. आता समजा, ह्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात एकाच मालकाचा एक माणूस उभा केलाय. तुम्ही कुठंबी गेलासा, तर तो टोकनाचा नंबर लिहून घेतोय. साडी बघितली, पेढे बघितले, औषध घेतलं. संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र.”

काकूंनी बाहेरच्या गर्दीकडं जरा वेळ बघितलं. “मेला,” म्हणाल्या. “ते औषधाचं कशाला लिवायचं?”

चप्पल स्टँडचं टोकन राहू दिलं, वहीवाला काढला. सेटिंगात त्याला एकच बटण आहे, ‘ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज’. अडीचशे मिळाले. काकूंनी दोनशेपासून सुरुवात केली होती. शेवटी, औषधाचं बंद केलंस म्हणून, असं म्हणत पन्नास वाढवले.

संध्याकाळी ७.०५

रंकाळ्याच्या कठड्यावर. खिशातली डायरी, बॉलपेन. तीनशे, दोनशे तीस, पाचशे, अडीचशे. एकूण बाराशे ऐंशी. फौंड्रीपुढं शून्य, कंसात ‘हप्ता’. पेट्रोल एकशे वीस, सेल वीस, दोघांचे चहा तीस. शिल्लक अकराशे दहा. त्यातून वाटेत गॅसवाल्याला द्यायचे.

मी हिशेब वेगळा मांडून बघितला. ही सगळी माणसं बोलावताना काय म्हणाली होती? पाट्या येतात, मशीन अडकतं, साइट उघडत नाही, भलतंच पान येतं. सात अनोळखी नावं पुसा, पासवर्डची चिठ्ठी काढा, वहीवाला हाकला, यासाठी वकिलांखेरीज कुणी बोलावलं नव्हतं आणि डायरीत त्याचा रकानाही नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, नळ बदलायला गेलेला माणूस गळती दिसली तर फडकं बांधतोच की.

संध्याकाळी ७.३५

फोन. फौंड्रीच्या मॅडम. त्यानं स्पीकर लावला.

“दादा, सही होईना. डिजिटल सहीची पेन ड्राइव्ह लावली, सगळं भरलं, आणि म्हणतंय एमसायनरशी कनेक्शन होत नाही. दोनदा बंद-चालू केलं. साहेबांचा फोन येऊन गेला.”

तो कठड्यावरून उतरून उभा राहिला. कपाळाला हात लावला. जीएसटीच्या पोर्टलवर कंपनीची सही उमटवायला एमसायनर नावाचा छोटा प्रोग्राम त्याच मशीनवर चालू असतो. ब्राउजर त्याच्याशी मशीनच्या आतल्या आतच बोलतो. त्या बोलण्याला ब्राउजरची एकदा मान्यता लागते. ती मान्यता पूर्वी कधीतरी यानंच दिलेली होती. आणि आज सकाळी रिफ्रेश करताना यानंच झाडून काढली.

“माझ्याकडनं राहिलं, मॅडम. नवीन टॅब घ्या. मी सांगतो तसं टाइप करा. एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरक्या रेघा. एकशे सत्तावीस, टिंब, शून्य, टिंब, शून्य, टिंब, एक. कोलन. पंधराशे पंच्याऐंशी. एंटर.”

पलीकडं कळा वाजल्या. मग शांतता. शेडमधला आवाज आता बंद होता, तिथल्या पंख्याची घरघर इकडं ऐकू येत होती.

“दादा, त्रिकोण आला. पुढं धोका आहे म्हणतंय.”

“व्हय. येणारच.”

“तुम्हीच सकाळी सांगितलंय. हे पान आलं की मागं फिरायचं. माझ्यासमोर चिकटवलंय.”

“बरोबर हाय ते. पण हे बाहेरचं न्हाई. हे तुमच्याच मशीनचं दार हाय. एकशे सत्तावीस म्हंजे आपलंच घर. खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दिसतंय?”

“दिसतंय.”

“दाबा. आता खाली आणि एक बटण आलं असंल.”

“आलं. ‘अ‍ॅक्सेप्ट द रिस्क अँड कंटिन्यू’.” मॅडमनी एकेक शब्द सुटा वाचला. “दाबू?”

“दाबा.”

“नक्की?”

“ह्या एकालाच. दाबा.”